फेस किती वर येऊ द्यायचा?

आमच्या पडवीतली खाऱ्या पाण्याची टाकी बघायला कुणी आलं, की आधी नारिंगी पट्ट्यांचे मासे बघून होतात, मग नजर खाली जाते. टाकीखाली एक उभं नळकांडं आहे, त्याच्या डोक्यावर झाकणाचा पेला, आणि पेल्यात काळ्या चहासारखं पाणी. झाकण उघडलं की नाकाला पदर लावावा असा वास. "हे कशाला साठवून ठेवलंय?" हा प्रश्न इतक्यांदा आला, की या महिन्यात रेडिओवर याच पेल्याबद्दल बोलायचं असं आम्ही गटात ठरवलं.

त्या नळकांड्याला स्किमर म्हणतात, पूर्ण नाव प्रोटीन स्किमर. नाव परकं असलं तरी काम आपल्या ओळखीचं आहे. तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजत घातली की पहिल्या उकळीला वर फेस जमतो आणि आपण तो पळीनं काढून टाकतो. गुऱ्हाळात कढईवरची मळी काढतात, तोही त्याच जातीचा उद्योग. डाळीतल्या काही पदार्थांचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. हवेचा बुडबुडा भेटला की हे पळणारं टोक त्यात घुसतं आणि बुडबुड्याबरोबर वर येतं. माशांच्या टाकीतही तेच. उरलेलं खाणं, माशांच्या अंगावरचा बुळबुळीतपणा, विष्ठेतून सुटलेले पदार्थ, हे सगळं पाण्यात विरघळलेलं असतं. जाळीनं ते गाळता येत नाही. स्किमरचा पंप हवा आणि पाणी एकत्र घुसळून अगदी बारीक बुडबुडे करतो, घाण त्यांना चिकटते, फेस गळ्यातून वर चढतो आणि पेल्यात पडून त्याचं पाणी होतं.

हे खाऱ्या पाण्यातच नीट जमतं. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि भसाभस वर येऊन फुटतात. खाऱ्या पाण्यात ते लवकर जुळत नाहीत, बारीकच राहतात. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर लाटांबरोबर पिवळट फेसाचे गोळे येतात ना, ते समुद्राचं स्वतःचं स्किमरच म्हणायचं.

आता कुणी म्हणेल, समुद्र हाकेच्या अंतरावर असताना हे यंत्र कशाला? चार बादल्या पाणी आणा, जुनं काढा, नवं घाला. आमच्या गटातही दोघींचं हेच म्हणणं होतं, आणि ते चुकीचं नाही. दिवाळी ते मे समुद्राचं पाणी नितळ असतं, बदलून बदलून टाकी छान राहते. पण जून ते सप्टेंबर खाडीतून गाळ येतो, पावसाचं आणि नदीचं पाणी मिसळून किनाऱ्यालगतचा खारटपणा उतरतो. ते पाणी टाकीत घालता येत नाही. मेमध्ये साठवून ठेवलेलं पाणी पुरवून पुरवून वापरावं लागतं. त्या चार महिन्यांसाठी स्किमर हवा. आणि याच चार महिन्यांत लाईट जास्त जाते. या दोन गोष्टी एकत्र येतात म्हणून आम्हाला हा विषय महत्त्वाचा वाटतो.

आमच्या टाकीत चार खण आहेत, जाळीच्या पडद्यांनी केलेले, आणि प्रत्येक खणात क्लाउनफिशची एक जोडी. हे मासे सगळे नर म्हणून जन्माला येतात. दोघांत जो मोठा, तो मादी होतो. मादी गेली तर मागे राहिलेला नर काही दिवसांनी मादी बनतो. जोडी जमून अंडी घालायला लागेपर्यंत काही महिने जातात, कधी वर्षही जातं. म्हणजे खणातला एक मासा गेला, तर त्याच्या बाजारभावाएवढंच नुकसान होत नाही, घातलेला सगळा काळ जातो. बँकेचा हप्ता त्या काळासाठी थांबत नाही.

जाता जाता एक. काही जणी विचारतात, टाकीत प्रवाळ का नाही, चित्रात तर असतं. प्रवाळ मालवणच्या समुद्रात आहे, तिथेच राहू दे. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणि कठीण प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच अनुसूचीत आहे. किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला, पांढरा पडलेला तुकडासुद्धा शोभेला घरी आणायचा नाही. आमच्या टाकीत साधी मातीची कुंडी आडवी ठेवलेली आहे, मासे तिच्यावर अंडी घालतात, त्यांचं काही अडत नाही.

तर स्किमर लावायचा कसा. बहुतेक जणी यंत्र आणल्याबरोबर व्हॉल्व्ह फिरवायला बसतात. व्हॉल्व्ह शेवटी. आधी पाण्याची पातळी. स्किमर खालच्या टाकीत, पाण्यात उभा असतो. किती इंच पाण्यात उभा करायचा ते त्याच्या पत्रकात दिलेलं असतं. आमच्या यंत्राला आठ इंच लागतं. बाहेरचं पाणी एक इंच चढलं की आतलंही चढतं, आणि सकाळी नीट बसवलेला फेस दुपारी उतू जातो. मग आपण व्हॉल्व्ह फिरवतो, आणि संध्याकाळी पाणी आटलं की फेस गायब. दोष व्हॉल्व्हचा नसतोच.

म्हणून खालच्या टाकीत काचेचे आडवे पडदे असतात. पहिल्या खणात स्किमर ठेवायचा. तिथलं पाणी पडद्याच्या उंचीइतकंच राहतं आणि बाष्पीभवनानं होणारी घट शेवटच्या खणात दिसते. तिथे आरओचं गोडं पाणी घालायचं, कारण उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. पडदे नसतील तर बाहेरून काचेवर रेघ मारा आणि सकाळ-संध्याकाळ रेघेपर्यंत पाणी भरा. खण जास्तच खोल असेल तर स्किमरखाली लादीचा तुकडा ठेवून त्याला उंच करा. मातीची वीट ठेवू नका, ती झिजते.

नवं यंत्र आधी पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात चालवून स्वच्छ धुवून घ्यायचं. कारखान्यातला तेलकटपणा प्लॅस्टिकला राहिलेला असतो. तरीही पहिला आठवडा, कधी दोन आठवडे, त्याचा फेस खरा नसतो. कधी काहीच नाही, कधी एकदम पेला भरून सांडतो. या दिवसांत व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा, म्हणजे आतली पातळी खाली राहते, आणि यंत्राला त्याच्या मनानं चालू द्यायचं.

यंत्र स्थिरावलं की मग काम सुरू. आमच्या यंत्रात पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बंद करत नेला की आतलं पाणी वर चढतं आणि फेस पातळ होऊन लवकर पेल्यात पडतो. उघडला की पाणी उतरतं आणि फेस घट्ट, उशिरा येतो. बहुतेक यंत्रांचं असंच असतं, पण तुमच्या यंत्राची दिशा आधी बघून घ्या. आम्ही व्हॉल्व्हच्या मुठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे. घड्याळाच्या तबकडीवर पाच मिनिटं सरकतात तेवढाच ठिपका एका वेळी हलवायचा. मग चोवीस तास हात लावायचा नाही.

बघायचं काय? आत एक जागा अशी दिसते जिथे बुडबुड्यांचं दुधाळ पाणी संपतं आणि कोरडा फेस सुरू होतो. ती रेघ गळ्याच्या तळाशी, पेला बसतो त्या जोडाच्या जवळ आली की झालं. तिच्यावरचा फेस हळूहळू, एकमेकांना ढकलत वर जायला हवा. पेल्यात बुडबुडत पाणीच पडत असेल तर रेघ फार वर आहे. गळ्यात फेस येऊन तिथेच वाळत असेल तर फार खाली.

हे सांगायला दोन मिनिटं लागली. अवघड आहे ते चोवीस तास थांबणं. फेस व्हॉल्व्हचं लगेच ऐकत नाही. सकाळी फिरवलेल्याचा परिणाम कधी रात्री दिसतो. आणि आम्ही अकरा जणी. एकीनं सकाळी जाता जाता थोडं बंद केलं, दुपारी दुसरीला काही फरक दिसला नाही म्हणून तिनं आणखी बंद केलं, रात्री पेला उतू गेला, तिसरीनं घाबरून पूर्ण उघडलं. तिघींचीही मनं चांगली. दोघींनी एकाच भाजीत मीठ घालावं तसं. म्हणून पहिल्या दिवसापासून नियम केला: ज्या आठवड्यात जिचा वार, तिनंच व्हॉल्व्हला हात लावायचा. बाकीच्यांनी बघावं, वहीत लिहावं, हवं तर तिच्या घरी जाऊन भांडावं, पण मूठ फिरवायची नाही. घरातल्या माणसांनाही हेच सांगितलंय. दीर, मुलगा, पाहुणा, कुणालाही ती मूठ दिसली की बोटं शिवशिवतात.

वही यंत्राशेजारी दोरीनं बांधलेली आहे. तारीख, ठिपका कुठे, पेल्यात किती बोटं पाणी, रंग कसा, मासे किती जेवले, आणि शेवटी एक मोठा रकाना: आज वेगळं काय झालं? सगळ्यात कामाचा हा शेवटचा रकाना. "आज फेस कित्याक नाय गो?" असं कुणी ओरडलं की आधी व्हॉल्व्हकडे न बघता त्या रकान्यात बघायचं. बहुतेक वेळा उत्तर तिथे असतं.

उदाहरणं सांगतो. माशांना कोळंबीचा कुटलेला खिमा घातला, की त्यातल्या तेलानं फेस बसतो. दोन-चार तासांनी आपोआप उठतो. टाकीत हात घातला, हाताला खोबरेल तेल किंवा क्रीम होतं, तेच. फणी फिरवून तसाच हात टाकीत घालायचा नाही, कोपरापर्यंत साध्या पाण्यानं चोळून धुवायचा, साबण अजिबात नको. टाकी स्वयंपाकघराला लागून असेल तर लक्षात ठेवा, स्किमर खोलीतलीच हवा ओढतो. फोडणीचा धूर, डासांचा फवारा, घर रंगवतानाचा वास, सगळं त्या नळीतून पाण्यात जातं. उलट काही औषधं, आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवायला बाटलीत मिळणारे काही द्राव घातले, की फेस वेड्यासारखा वर येतो आणि तासाभरात पेला भरतो. अशा दिवशी व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा यंत्र तात्पुरतं बंद करून हवेचा दुसरा पंप चालू ठेवा. पण ठिपका आधी होता तिथे परत आणायचा. त्या एका दिवसासाठी सगळी जुळणी बदलायची नाही.

आणि फेस हळूहळू, आठवडाभरात कमी होत गेला, रकान्यात काहीच वेगळं नाही, तर हवेची नळी बघा. तिच्या तोंडाशी मीठ साचतं, हवा कमी जाते, बुडबुडे कमी. आम्ही दर रविवारी पंप चालू असतानाच नळीचं टोक कपभर कोमट आरओच्या पाण्यात बुडवतो. पंप ते पाणी ओढून घेतो आणि मीठ विरघळून जातं. दोन-तीन दिवसांनी गळ्यातला चिकट थर कापडानं पुसायचा, त्या थरावर फेस चढत नाही. तीन महिन्यांनी पंप उघडून व्हिनेगरमध्ये भिजवायचा. साफसफाईचं इतकंच.

पातळ फेस चांगला की घट्ट, यावर आमच्यात अजून एकमत नाही. पातळ ठेवला की घाण जास्त निघते असं काहींना वाटतं, आणि पेला रोज भरलेला बघून समाधानही होतं. पण त्या पाण्यात मीठ असतं. आमच्याकडे वरखाली मिळून साधारण ३०० लिटर पाणी, लिटरला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे साडेदहा किलो. रोज एक लिटर पातळ पाणी पेल्यातून गेलं आणि त्या जागी गोडं पाणी घातलं, तर रोज ३५ ग्रॅम मीठ कमी. दहा दिवसांत ३५० ग्रॅम. खारटपणा ३५ वरून ३४ च्या खाली येतो, आणि हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून पातळ ठेवणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा रिफ्रॅक्टोमीटरनं मोजावं आणि पेल्यातून जितकं गेलं तितकं खारं पाणी भरावं. आम्ही मधला मार्ग धरलाय: रंग कडक कोऱ्या चहाचा, रोज दोन-तीन बोटं. मासे जास्त जेवतात त्या दिवसांत थोडा पातळ.

आता लाईटचं. मैत्रिणींनो, स्किमर बिघडतो तो चालू असताना नाही, पुन्हा चालू होताना. लाईट गेली की वर पाणी चढवणारा पंप थांबतो आणि वरच्या टाकीतलं थोडं पाणी खाली उतरतं. आमच्या वरच्या टाकीचा तळ सहा चौरस फूट, खालचीचा दोन. वर एक इंच पाणी उतरलं की खाली तीन इंच चढतं. म्हणजे आठ इंचांवर बसवलेला स्किमर अकरा इंचांत उभा. लाईट आली, दोन्ही पंप एकदम सुरू झाले, आणि वरची टाकी भरायच्या आत स्किमर पेल्यातून पाणी फेकायला लागतो. जमीन ओली होते तोवर ठीक. पण काही जणी पेल्याच्या तळाला नळी लावून खाली कॅन ठेवतात, रोज पेला ओतायला नको म्हणून. कॅन भरला तरी पाणी येतच राहतं. वर जर गोडं पाणी आपोआप भरणारं यंत्र असेल, तर खारं पाणी बाहेर आणि गोडं आत, असं रात्रभर चालू शकतं. सकाळी टाकी भरलेली दिसते, पाणी स्वच्छ दिसतं, आणि मासे आडवे पडलेले असतात.

उपाय महाग नाही. लाईट आल्यावर दहा मिनिटं थांबून मगच वीज सोडणारा सॉकेट इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, फ्रिजसाठी वापरतात तसा, पण किती मिनिटं थांबतो ते बघून घ्या. स्किमर त्याच्यावर लावायचा. तोवर वरची टाकी भरून खालची पातळी जागेवर येते. कॅन ठेवणारच असाल तर पेल्यात तरंगणारा बंद-चालू खटका बसवा, पेला भरला की यंत्र थांबतं. आम्ही कॅन ठेवलाच नाही. आणि गोडं पाणी भरायचं पिंप मुद्दाम लहान ठेवलंय, दहा लिटरचं. सगळं बिघडलं तरी दहा लिटरच्या वर गोडं पाणी टाकीत जाणार नाही. ३०० लिटरात तेवढं मासे सोसतात.

गेल्या जुलैत वादळी पावसात रात्री साडेदहाला लाईट गेली, आली ती पहाटे. ज्यांचा वार होता त्या दोघी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावून आळीपाळीनं झोपल्या. पंपाचा एकच दगड, खण चार, म्हणून तो तासातासानं हलवायचा. पहाटे लाईट आली तेव्हा वरचा पंप लगेच सुरू झाला, स्किमर गप्प. दहा मिनिटांनी खट् करून तो चालू झाला. वहीत त्या तारखेला लिहिलंय: ठिपका तिथेच, पेल्यात काही नाही, मासे आठ.

पावसाळ्याचं अजून एक. पडवीला ताडपत्री बांधली, खिडक्या लावल्या, की आतली हवा कोंडते. माणसांच्या श्वासानं हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो, स्किमर तीच हवा पाण्यात घुसळतो, आणि पीएच उतरतो. नळी लांबवून तिचं तोंड ताडपत्रीच्या बाहेर, पागोळीचं पाणी शिरणार नाही असं खाली वळवून ठेवलं की फरक पडतो. चूल पेटते त्या बाजूला नळी नको.

पिल्लांच्या टाकीत स्किमर लावायचा नाही, हे नव्यानं सुरू करणाऱ्यांनी नीट ऐका. अंडी साधारण आठवडाभरात, रात्रीच्या अंधारात फुटतात, आणि पिल्लं पाण्याबरोबर वाहून जाण्याइतकी बारीक असतात. त्यांचं जिवंत खाणंही तसंच बारीक. स्किमर दोन्ही ओढून घेईल. तिथे स्पंजचा फिल्टर आणि हळू हवा.

आणि स्किमर आहे म्हणून पाणी बदलायचं थांबवू नका. तो घाण कुजायच्या आधी उचलतो, पण जी कुजून नायट्रेट झाली ती त्याच्या हाती लागत नाही. विजेचं विचाराल तर आमचा पंप २५ वॅटचा, चोवीस तास चालतो, महिन्याला १८ युनिट होतात.

पेल्यातलं पाणी कुठे टाकायचं, हा सगळ्यांचा शेवटचा प्रश्न असतो. तुळशीत नाही, परसातल्या भाजीत नाही, त्यात मीठ आहे. आम्ही माडाच्या आळ्यात ओततो, माड त्याबद्दल अजून काही बोललेला नाही. पेला धुताना तोंड दुसरीकडे करा.